न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग



आपल्या शहरात १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. याच उच्च न्यायालयात, मुंबई येथे, एकोणिसाव्या शतकात न्यायदान करणाऱ्या एका विद्वान मराठी माणसाची ओळख या रविवारी आम्ही करून देत आहोत.

काशिनाथ तेलंग यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी झाला. चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८७२ साली ते वकील झाले. कायदा आणि संस्कृत या दोन्हींवर त्यांचे प्रभुत्व होते. १८८२ मध्ये त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेत निघाला. १८८४ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. पुढच्याच वर्षी फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. हिंदू, पारशी आणि मुसलमान असे हे तीन मित्र! १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू.

जर्मन नाटककार लेसिंग यांचे नेथन या यहुदी व्यापाऱ्यावरील नाटक तेलंगांनी मराठीत आणले. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान यांनी एकमेकांशी माणुसकीने वागावे, हा त्या नाटकाचा गाभा आहे.

अशा या माणसाच्या आयुष्यात एक दुःखद प्रसंग आला. बालविवाहाची चाल बंद व्हावी, या मताचे ते होते. संमतिवयाच्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. तरीही १८९३ मध्ये घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी आपल्या अवघ्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले आणि सुधारक मित्र मनातून दुखावले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हांला आदर वाटतो. पण न्यायासनावर ठाम राहणारा माणूसही स्वतःच्या घरात नमला, हेही आम्ही विसरू शकत नाही. त्याची किंमत आठ वर्षांच्या एका मुलीने मोजली. हुंडा असो, मुलीचे शिक्षण असो की तिचे लग्नाचे वय, सभेत बोललेले घरात पाळणे आपल्यालाही जड जाते. तेलंगांचे चरित्र वाचताना आपण प्रत्येकाने आपापल्या घराकडे एकदा पाहावे.