तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांचा राजवाडा

तांबरमच्या मराठी माणसाने एकदा तरी दक्षिणेची गाडी धरून तंजावरच्या राजवाड्याचे दर्शन घ्यावे. राज्य गेल्यावर वास्तू कशी जगवावी, याचा धडा तेथील दुसऱ्या सरफोजीराजांच्या चरित्रात आहे.

भोसले कुळातील सरफोजी 1777 मध्ये जन्मले. तुळजाराजांनी त्यांना 1787 मध्ये दत्तक घेतले. परंतु राजांच्या निधनानंतर गादी अमरसिंगांकडे गेली. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी बाल सरफोजींचा सांभाळ केला. काही काळ मद्रासेत राहून त्यांनी पाश्चात्त्य विद्यांचे शिक्षण घेतले. 1798 मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह करून राज्यकारभार सोडावा लागला. तंजावरचा किल्ला, तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच त्यांच्या हाती उरले.

नायकांनी बांधलेल्या आणि मराठ्यांनी वाढविलेल्या त्या विस्तीर्ण वाड्यात आता राज्यकारभार उरला नव्हता. दुसरा कोणी असता तर विलासात किंवा विषादात बुडाला असता. सरफोजींनी वाड्याला नवे काम दिले. नायककाळापासून चालत आलेल्या सरस्वती भांडारात त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू पोथ्यांची आणि युरोपीय ग्रंथांची भर घातली. काशीयात्रेतूनही पोथ्या आणविल्या. धन्वंतरी महालात औषधोपचार व संशोधन चालविले. 1805 मध्ये देवनागरी छापखाना घातला. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला.

1832 मध्ये राजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले राजपदही बुडविले. सिंहासन नाहीसे झाले, पण वाडा ओस पडला नाही. 1918 मध्ये तेथील ग्रंथसंग्रह सर्व लोकांसाठी खुला झाला. 1951 मध्ये वाड्यात कलादालन सुरू झाले. नायकांच्या दरबारात आज चोळकालीन धातुमूर्ती आणि स्वतः सरफोजींचा संगमरवरी पुतळा उभा आहे.

वास्तू केवळ चुन्याविटांच्या डागडुजीने टिकत नाही. तिच्यात रोजचा वावर असावा लागतो. त्या ग्रंथालयात मोडी दप्तरांचे गठ्ठे आहेत आणि मोडी वाचणारे मात्र थोडे उरले आहेत. दूरदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी दोघांचौघांनी जरी ती लिपी हस्तगत केली, तरी सरफोजीराजांच्या वाड्यातील दिवा आणखी एक पिढी तेवत राहील.