प्रतापसिंह महाराज आणि कोविलडीचा बांध

तंजावरच्या राजवाड्यातून १७३९ ते १७६३ अशी चोवीस वर्षे राज्यशकट हाकणारे प्रतापसिंह महाराज आपणांस नावाने परिचित आहेत. त्यांच्या राजनीतीचे मर्म मात्र फारसे सांगितले जात नाही. ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

तुकोजीराजांचे हे पुत्र गादीवर असताना पूर्वकिनाऱ्यावर इंग्रज व फ्रेंच टपून होते, पश्चिमेस तिरुचिरापल्लीसाठी नवाबीचे दावेदार झुंजत होते आणि महाराष्ट्र दूर होता. १७४९ साली इंग्रजांनी पदच्युत सयाजीराजांचा पक्ष घेऊन कोळ्ळिडम नदीच्या मुखावरील देवीकोट्टै घेतले. महाराजांनी तो किल्ला त्यांच्याकडेच राहू दिला व त्या बदल्यात त्यांना सयाजींचा पक्ष सोडावयास लावले. त्याच वर्षअखेरीस चंदासाहेब व फ्रेंच यांनी तंजावरास वेढा दिला. महाराजांनी सत्तर लाखांचा करार केला आणि नासिरजंग चालून येईपर्यंत कालहरण केले.

परंतु एका सीमेविषयी त्यांना तडजोड परवडणारी नव्हती. पश्चिमेस कोविलडीजवळ कावेरी व कोळ्ळिडम अगदी निकट येतात. कोळ्ळिडमचे पात्र सखल. मधला बांध फुटला की कावेरीचे पाणी तिकडे वाहून जाते आणि तंजावरची भातशेती करपते. १७५२ साली महंमद अलीच्या साह्यास महाराजांनी सेनापती मानोजीस पाठविले, त्याचे मोल म्हणून कोविलडी व इलंगाडू हे परगणे मान्य करून घेतले. त्याच मोहिमेत मानोजीच्या स्वाधीन झालेल्या चंदासाहेबाचा वध झाला. हा डाग आम्ही लपवू इच्छीत नाही. १७५४ साली फ्रेंचांनी कोविलडी घेऊन बांध फोडला, तेव्हा दोन्ही पक्षांना झुलवीत ठेवणारे महाराज पुन्हा इंग्रजांच्या बाजूस वळले.

१७५८ साली फ्रेंच सेनापती लालीचा वेढा तंजावरने परतवला. १७६२ च्या तहात महाराजांनी नवाबास वार्षिक चार लाखांची खंडणी कबूल केली. दोन्ही परगणे मात्र राखले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. बांधाच्या दुरुस्तीचा वाद तुळजाराजांच्या वाट्यास आला आणि १७७३ साली नवाबाने इंग्रज फौजेच्या बळावर राज्यच घेतले. ते १७७६ साली परत मिळाले.

खंडणी देणारा राजा दुबळा, असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते, परमुलखात राहावयाचे तर काय द्यावे आणि काय मुळीच देऊ नये, हे त्यांनी अचूक ओळखले होते.