शंकर आबाजी भिसे : खिळे पाडणारा इंजिनिअर

एडिसनचा धडा आमच्या कॉन्व्हेंटमध्येही होता. ज्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणायचे ते शंकर आबाजी भिसे मात्र मला भेटले ते इंजिनिअरिंगला आल्यावर, सेमिनारच्या निमित्ताने. माझा विषय होता सॉफ्टवेअरचा रियूज ऑटोमॅटिक कसा करायचा. आता यात छापखानेवाला माणूस काहून आला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

भिसे मुंबईचे. जन्म २९ एप्रिल १८६७. किराणा दुकानात माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या डिझाइनला इंग्लंडच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि विसावं शतक सुरू होण्याआधीच ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. तिथेच त्यांनी खिळे ओतणारं यंत्र हाती घेतलं.

त्या काळी छपाई म्हणजे शिशाचा एकेक खिळा हाताने जुळवायचा. छापून झालं की तेच खिळे सुटे करून, पुसून, परत आपापल्या खान्यात टाकायचे. हासुद्धा रियूजच, पण हमाली केवढी! खिळे झिजतात, भलत्या खान्यात पडतात आणि पुढच्या पानावर चूक छापली जाते. (सिनिअरच्या पेन ड्राइव्हमधून उचललेल्या प्रोग्रामचं यापेक्षा वेगळं काय होतं बे?)

खिळे भराभर ओतणारं यंत्र असेल तर जुने खिळे जपायचं कारणच उरत नाही. अक्षराचा मूळ साचा, म्हणजे मातृका, तेवढी जपायची. काम झालं की शिसं वितळवायचं आणि नवे खिळे पाडायचे. मातृका बदलली की त्याच यंत्रातून दुसरं वळण निघतं. मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंट हेच सांगते: कोडच्या कॉप्या सांभाळू नका, मॉडेल सांभाळा, कोड जनरेटरकडून काढा. आणि एकाच पायावर, कुठे काय बदलणार हे आधीच ठरवून अनेक प्रॉडक्ट काढली की झाली प्रॉडक्ट लाइन. देवनागरीला तर जोडाक्षरं, काना-मात्रा धरून शेकडो खिळे लागत. म्हणून मला वाटतं, या यंत्राची खरी गरज लंडनपेक्षा आपल्याकडेच जास्त होती.

पण जनरेटर बनवायला आधी पैसा लागतो, फायदा नंतर दिसतो. भिशांचं घोडं इथेच अडलं. लंडनमध्ये भांडवलाचा एक मोठा करार होता होता मोडला आणि १९०८ मध्ये ते मुंबईला परतले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्या काळातले नव्हेत). १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघालं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. मात्र काही वर्षांतच, महायुद्धाच्या काळात, तेही गुंडाळलं गेलं.

दुसरा कोणी असता तर गावी येऊन नोकरी धरली असती. हा माणूस १९१६ मध्ये न्यूयॉर्कला गेला, पुन्हा डिझाइन केलं आणि ‘आयडियल टाइप कास्टर’ तयार केला. पुढे आयोडीनचं एक औषधही काढलं, त्याने नाव झालं.

७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्कमध्येच वारले. तोवर जगातले मोठे छापखाने लायनोटाइप आणि मोनोटाइप या दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागले होते.