हजरत इब्ने अब्बास (रजि.) आणि चित्रे काढणारा कारागीर

चित्रांचा प्रश्न आपल्या घरात बहुधा मुलांच्या दप्तरातून येतो. एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलीला स्मरणचित्रात बाजारातील माणसे रंगवायची असतात. आजोबा वही मिटवतात आणि सांगतात की, सजीवांचे चित्र काढणाऱ्याला कियामतच्या दिवशी त्यात प्राण ओतावयास सांगितले जाईल. आजोबांचे सांगणे निराधार नाही. त्या आशयाची हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु वाचक बंधु-भगिनींनो, ती आपण बहुधा अर्धीच ऐकलेली असते. ती कोणी सांगितली, कोणाला सांगितली आणि सांगून झाल्यावर सांगणाऱ्याने काय केले, हा भाग मागे राहून जातो. म्हणून या वेळी त्या सांगणाऱ्याचेच चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलतभाऊ. त्यांचे वडील हजरत अब्बास (रजि.) हे प्रेषितांचे काका आणि आई उम्मुल फज्ल लुबाबा (रजि.) ही उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांची बहीण. हिजरतीच्या सुमारे 3 वर्षे आधी, म्हणजे बनू हाशिम अबू तालिबच्या घाटीत बहिष्काराचे दिवस कंठीत होते त्या काळात, त्यांचा जन्म झाला. ज्या मुलाच्या जन्मवेळी कुटुंबाला पोटभर अन्न मिळण्याची शाश्वती नव्हती, त्याच्या दारात पुढे दूरदूरच्या मुलखांतील माणसे ज्ञानासाठी गर्दी करणार होती.

मदीनेत आल्यावर मावशीचे घर म्हणजे प्रेषितांचेच घर, त्यामुळे या मुलाला तेथे मोकळा वावर होता. एका रात्री तो मुद्दाम मावशीकडे मुक्कामाला राहिला. प्रेषित (स.) रात्री नमाजसाठी उठले तेव्हा तोही उठला, वुजू करून त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला. प्रेषितांनी त्याचा कान धरून त्याला हळूच आपल्या उजव्या बाजूला आणले. ना रागावणे, ना नमाजनंतरचा उपदेश. चूक हाताने दुरुस्त झाली आणि नमाज पुढे चालू राहिली. दुसऱ्या एका प्रसंगी या मुलाने न सांगता वुजूचे पाणी भरून ठेवले. ते कोणी ठेवले हे कळल्यावर प्रेषितांनी त्याला धर्माची सखोल समज लाभावी अशी दुआ केली. पुढचे सारे आयुष्य हे त्या दुआचेच फळ होय, असे आपले उलेमा मानत आले आहेत.

प्रेषितांची वफात झाली तेव्हा इब्ने अब्बास (रजि.) अवघे 13 वर्षांचे होते. त्यांनी आपल्या एका अन्सारी मित्राला सुचवले की, अजून सहाबा मोठ्या संख्येने हयात आहेत, चला, त्यांच्याकडून ज्ञान गोळा करू. मित्राला हे हास्यास्पद वाटले. एवढे मोठे सहाबा असताना तुझी गरज कोणाला पडणार, असा त्याचा सवाल होता. इब्ने अब्बास एकटेच निघाले. कोणाकडे एखादी हदीस आहे असे कळले की ते त्याच्या दारी जात. तो दुपारच्या विश्रांतीत असला तर दार न ठोठावता चादर उशाशी घेऊन उंबऱ्यापाशीच पडून राहत. वारा अंगावर धूळ उडवीत राही. घरधनी बाहेर येऊन ओशाळा होई. प्रेषितांच्या भावाने निरोप पाठवला असता तर आपणच आलो असतो, असे म्हणे. ज्याला ज्ञान हवे आहे त्यानेच चालत यावे, एवढेच ते उत्तर देत. काही वर्षांनी त्यांच्याभोवती जमलेली गर्दी पाहून तोच अन्सारी मित्र म्हणाला की, हा तरुण माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

खलिफा हजरत उमर (रजि.) त्यांना बद्रच्या लढाईत सहभागी झालेल्या ज्येष्ठांच्या बैठकीत बसवीत. काहींना ते खटकले. आपलीही याच वयाची मुले आहेत, अशी कुरबुर झाली. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी सर्वांना सूरह नस्रचा अर्थ विचारला. कोणी म्हणाले, विजय मिळाल्यावर अल्लाहची स्तुती करावी असा तो आदेश आहे. कोणी गप्प राहिले. इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले की, त्या सूरहमध्ये प्रेषितांना त्यांचा अंतकाळ जवळ आल्याची सूचना आहे. आपल्यालाही हाच अर्थ ठाऊक आहे, असे हजरत उमर (रजि.) यांनी जाहीर केले. शब्दांच्या मागे जाऊन त्यांचे प्रयोजन पाहण्याची ही दृष्टी लक्षात ठेवा. चित्रांच्या प्रश्नात ती पुन्हा दिसेल.

राजकीय घडामोडींविषयी थोडक्यात सांगतो. हिजरी 35 मध्ये हजरत उस्मान (रजि.) वेढ्यात अडकले असताना त्यांनी त्या वर्षीच्या हजची जबाबदारी यांच्यावर सोपवली. हजरत अली (रजि.) यांच्या काळात ते बसऱ्याचे अधिकारी होते. खारिजी बंड करून वेगळे निघाले, तेव्हा त्यांच्या छावणीत जाऊन त्यांनी कुरआनच्याच आधारे वाद केला: पती-पत्नीच्या भांडणात आणि इहराममधल्या शिकारीच्या दंडात जर अल्लाहने माणसांना लवाद नेमायला सांगितले आहे, तर मुसलमानांचे रक्त वाचवण्यासाठी लवाद नेमणे कुफ्र कसे? हजारो माणसे त्या छावणीतून परत फिरली. पुढे ते मक्केत स्थिरावले. सईद बिन जुबैर, मुजाहिद, अता बिन अबी रबाह, ताऊस, इक्रिमा हे त्यांचे शिष्य. त्यांच्या घरी गट पाडून लोकांना आत सोडावे लागे. आधी कुरआनविषयी विचारणारे, मग हलाल-हरामविषयी, मग वारसाहक्काविषयी, मग अरबी भाषा आणि काव्याविषयी.

अशाच एका बैठकीत तो माणूस आला. त्याचे नाव कोणी नोंदवलेले नाही. बुखारीतील रिवायतीनुसार, आपली रोजी हाताच्या कामावर चालते आणि आपण ही चित्रे बनवतो, असे त्याने सांगितले. मुस्लिममध्ये आहे की त्याने फतवा मागितला. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला जवळ यायला सांगितले. तो जवळ आला. आणखी जवळ यायला सांगितले. तो इतका जवळ आला की त्यांनी आपला हात त्याच्या मस्तकावर ठेवला. आणि मग, हात मस्तकावर असताना, प्रेषितांकडून स्वतः ऐकलेली ती कठोर हदीस त्याला सांगितली.

दुसऱ्या एका रिवायतीत असे आहे की, त्या काळात लोक प्रश्न विचारीत आणि ते प्रेषितांचे नाव न घेता उत्तरे देत. चित्रांचा प्रश्न येताच मात्र त्यांनी हदीस सांगितली. कारण उघड आहे. एका माणसाचा धंदाच बुडण्याची वेळ होती. अशा वेळी स्वतःच्या मताच्या बळावर त्याला रोखणे त्यांना उचित वाटले नसावे.

ते ऐकून त्या कारागिराचा श्वास भरून आला, चेहरा पिवळा पडला. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तो वाद घालायला आलेला नव्हता. कदाचित घरी बायको-मुले असतील. हातात एकच कसब होते आणि तेच आता संशयात सापडले होते. आपल्यापैकी किती जण या टप्प्यावर बोलणे संपवून उठले असते! हुक्म सांगून झाला, पुढचे त्याचे तो पाहील. इब्ने अब्बास (रजि.) यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला सांगितले की, हे काम केल्यावाचून चालणारच नसेल, तर झाडे काढ, ज्यात प्राण नाही अशी प्रत्येक वस्तू काढ. कसब सोड, असे त्यांनी म्हटले नाही. कसबाचा विषय बदलून दिला. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस खरेदी-विक्रीच्या प्रकरणात घातली आहे, हे मला नेहमी मार्मिक वाटते. त्यांच्या दृष्टीने हा माणसाच्या पोटापाण्याचाही प्रश्न होता.

मग मनाई कशासाठी, हे समजून घ्यायचे तर त्यांच्याच इतर रिवायती पाहाव्या लागतात. हजरत नूह (अलै.) यांच्या लोकांच्या वद्द, सुवाअ, यगूस, यऊक आणि नस्र या मूर्तींची हकीकत बुखारीत त्यांच्याकडूनच आली आहे. ती मुळात सज्जन माणसांची नावे होती. ती माणसे वारल्यावर त्यांच्या बैठकीच्या जागी त्यांच्या प्रतिमा उभारण्यात आल्या, केवळ स्मरणासाठी. उभारणाऱ्यांनी त्यांची पूजा केली नाही. ती पिढी संपली, ज्ञान विसरले गेले, आणि मग पूजा सुरू झाली. मक्का जिंकल्यावर प्रेषित (स.) काबागृहात तोवर गेले नाहीत, जोवर आतील प्रतिमा हटवल्या गेल्या नाहीत, हेही इब्ने अब्बास (रजि.) यांनीच कथन केले आहे. त्यांत हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल (अलै.) यांच्या प्रतिमा होत्या, हातात शकुनाचे बाण दिलेल्या. ज्यांनी मूर्ती फोडल्या त्यांचीच प्रतिमा करून त्यांच्या हाती जुगाराचे बाण देण्यात आले होते. प्रतिमा आपल्या मूळ माणसाशी किती बेइमान होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक प्रसंग मुस्नद अहमदमध्ये आहे. ती रिवायत बुखारी-मुस्लिमच्या दर्जाची नाही, तरीही सांगतो, कारण ती माणूस दाखवते. इब्ने अब्बास (रजि.) आजारी असताना मिस्वर बिन मख्रमा (रजि.) त्यांना भेटायला आले. पाहतात तो अंगावर जाड रेशमी वस्त्र आणि समोरच्या शेगडीवर आकृती कोरलेल्या. त्यांनी दोन्ही गोष्टींवर हरकत घेतली. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यांना उत्तरे दिली, आकृती तर आगीत जळतच आहेत, असे सांगितले. पाहुणे गेल्यावर मात्र ते वस्त्र काढायला लावले आणि आकृतींची डोकी तोडायला सांगितले. घरच्यांनी सुचवले की, डोक्यांसकट बाजारात नेली तर शेगडीला किंमत जास्त येईल. त्यांनी नकार दिला. ज्या कारागिराला रोजीचा दुसरा मार्ग दाखवला, त्याच्यावर न लादलेला तोटा त्यांनी स्वतः सोसला.

पुढे फकीहांनी या हदीसींवरून मसले काढले. बहुसंख्य इमामांच्या मते सजीवांची प्रतिमा बनवणे नाजायज आहे, मग ती मूर्ती असो वा सपाट चित्र. मालिकी मजहबमध्ये जिची सावली पडते ती प्रतिमा हराम आणि सपाट चित्र मकरूह, असा भेद प्रचलित आहे. लहान मुलींच्या बाहुल्यांना हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसमुळे बहुतेकांनी सवलत दिली. छायाचित्राबाबत गेल्या शतकात इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत यांनी ते जायज ठरवले, तर आपल्या उपखंडात मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी विरोधात लिहिले, ओळखपत्र आणि पासपोर्टच्या गरजेपुरती मुभा मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे. मी स्वतः बहुसंख्य इमामांच्याच मताचा आहे आणि विचारणाऱ्याला तेच सांगतो. परंतु मुलांच्या वह्या फाडणाऱ्यांनी त्या हदीसमधला हात विसरू नये. चित्रकलेच्या परीक्षेत संकल्पचित्र आहे, अक्षरलेखन आहे, भूमिती आहे, वस्तुचित्र आहे. मुलीला जवळ बसवून हे सांगायला वेळ लागतो, वही मिटवायला लागत नाही, एवढाच फरक.

झाडांचा तो मार्ग अरुंदही नव्हता. हिजरी 72 मध्ये जेरुसलेमला कुब्बतुस्सखरा उभारला गेला. त्याच्या आतील भिंतींवर सोनेरी आणि हिरव्या काचेच्या तुकड्यांत झाडे, वेली आणि फळांनी लगडलेल्या फांद्या आहेत. माणूस किंवा प्राणी एकही नाही. दमास्कसच्या उमवी मशिदीच्या भिंतींवर नद्या, वाडे आणि वृक्ष आहेत. आपल्या औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात चुन्याच्या गिलाव्यावर उठवलेली फुले आपण पाहिलीच असतील. शेकडो वर्षे हजारो कारागिरांची पोटे या कामावर भरली.

कुब्बतुस्सखराची ती झाडे इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हयातीतली नव्हेत. त्याआधीच त्यांची दृष्टी गेली होती. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी मक्केत खिलाफतीचा दावा केला तेव्हा यांनी त्यांची बैअत केली नाही, बेबनाव वाढला आणि उतारवयात ते ताइफला जाऊन राहिले. तेथेच हिजरी 68 मध्ये, म्हणजे सुमारे सन 687 मध्ये, सत्तरीच्या घरात त्यांची वफात झाली. हजरत अली (रजि.) यांचे पुत्र मुहम्मद बिन हनफिया यांनी जनाजाची नमाज पढवली आणि या उम्मतचा मोठा विद्वान गेला, असे उद्गार काढले. ताइफमध्ये त्यांच्या नावाची मोठी मशीद आहे. उमऱ्याला गेलेले आपल्याकडचे अनेक जण तेथे जाऊन नमाज पढून येतात.