मेंदूच्या स्कॅनमधला पांढरा डाग आणि गॉडफ्रे हाउन्सफिल्ड

तुमच्या घरातल्या मधुमेही आजीचा एका बाजूचा हात आणि पाय अचानक आपोआप हलू लागले, फेकल्यासारखे उडू लागले, तर घर घाबरून जाते. आमच्या सावलीकडे कोणी लकवा म्हणते, कोणी पुजाऱ्याकडे न्यायला सांगते. कधी कधी याचे कारण असते रक्तात खूप वाढलेली साखर. सिटी स्कॅन केल्यावर मेंदूत पांढरा डाग दिसतो आणि नातेवाइकांना वाटते, रक्तस्राव झाला. तो डाग किती पांढरा आहे, हे ज्या एककात मोजतात त्याला गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचे नाव आहे.

शेतातला मुलगा

हाउन्सफिल्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधल्या न्यूअर्क येथे झाला. वडील शेतकरी. पाच भावंडांत हे धाकटे. शेतातली यंत्रे खोलून बघणे, स्वतः बनवलेले ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारणे, हे त्यांचे खेळ. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडून कशात फारसे मन रमले नाही. महायुद्धात हवाई दलात रडारचे काम केले, नंतर लंडनला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी नव्हती. १९५१ मध्ये ते ईएमआय कंपनीत लागले. एचएमव्हीच्या तबकड्या तुम्हाला आठवत असतील, तीच ही कंपनी.

कवटीच्या आत बघायचे कसे?

साध्या एक्स-रेमध्ये कवटी दिसते, आतला मेंदू वेगळा दिसत नाही. १९६७ च्या सुमारास हाउन्सफिल्ड यांना सुचले की अनेक कोनांतून किरण सोडून मोजमापे घेतली, तर संगणक आतला एकेक काप मांडून दाखवेल. पहिल्या प्रायोगिक यंत्राला एका चित्रासाठी नऊ दिवस लागले. खाटकाकडून आणलेल्या जनावरांच्या मेंदूंवर त्यांनी प्रयोग केले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्यासोबत, पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. गाठीचा संशय असलेल्या त्या बाईंच्या मेंदूतली गाठ चित्रात स्पष्ट दिसली. १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर हाउन्सफिल्ड यांना नोबेल मिळाले. १२ ऑगस्ट २००४ रोजी ते वारले.

त्यांचे माप तुमच्या कामाचे कसे?

त्यांच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, आणि कठीण हाड सुमारे १०००. मेंदूत नुकतेच साचलेले रक्त साधारण ६० ते ८० भरते. साखरेमुळे झालेल्या डागाचा आकडा बहुधा त्याहून कमी असतो. हा डाग हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोल भागातच, त्या भागाच्याच आकाराचा दिसतो आणि शेजारचा मेंदू सहसा ढकलला जात नाही. हात-पाय उजवे हलत असतील, तर डाग बहुधा डावीकडे असतो. फक्त आकड्यावर निदान होत नाही. शंका राहिली तर एमआरआय करतात. काही वेळा सुरुवातीच्या सिटी स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही.

म्हणून सर्वांत आधी बोटाला टोचून साखर तपासा. अनेकांना मधुमेह आहे हेच या वेळी प्रथम कळते. साखर आटोक्यात आली की बहुतेकांच्या हालचाली काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतात, काहींना त्यासाठी वेगळ्या गोळ्याही लागतात. स्कॅनमधला डाग मात्र पुसट व्हायला महिने लागू शकतात. तो दिसतो म्हणून घाबरू नका, आणि हात थांबला म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

अशा हालचाली पक्षाघातामुळेही होतात. त्यामुळे हे घरी ठरवू नका. हात-पाय उडू लागले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर रात्र असली तरी थांबू नका. स्कॅनसाठी तालुक्याबाहेर जावे लागले तरी त्याच वेळी निघा. जाताना साखरेचा आकडा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.