रुग्णशय्येजवळचे गुरुजी

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध आजारपणापुरताच. तरीही सर विल्यम ऑस्लर या डॉक्टरांचे चरित्र मला फार जवळचे वाटते, कारण ते हाडाचे शिक्षक होते.

१८४९ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळेत जॉन्सन गुरुजींनी त्यांना सूक्ष्मदर्शकाचा नाद लावला. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाची पदवी घेऊन ते युरोपात शिकून आले आणि १८७४ मध्ये मॅक्गिललाच अध्यापक झाले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः बाकावर बसून व्याख्याने ऐकणे. ऑस्लर यांनी देवीच्या रोग्यांच्या वॉर्डात काम पत्करले. त्यांना स्वतःलाही देवी आल्या. पण त्या कामाचे मिळालेले ६०० डॉलर त्यांनी विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शक घेऊन देण्यात खर्च केले!

१८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य वैद्य झाले. १८९३ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात नेले. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही खाटा सोपविल्या जात. रोग्याची हकीकत त्यानेच लिहायची, रक्त आणि लघवी त्यानेच तपासायची आणि फेरीच्या वेळी सरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. आधी डोळ्यांनी पाहावे, मग हाताने चाचपावे, बोटांनी ठोकून पाहावे आणि शेवटी स्टेथोस्कोप लावावा, हा क्रम रोजच्या सरावाने अंगवळणी पडे.

म्हणून पुस्तके त्यांना नकोशी होती असे नाही. १८९२ चा त्यांचा वैद्यकावरील ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. पुढे त्यांचा प्रचंड ग्रंथसंग्रह मॅक्गिलला मिळाला.

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये त्यांचा तरुण मुलगा रिव्हिअर महायुद्धात जखमी होऊन मरण पावला. तो घाव उरी बाळगून २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑस्लर निवर्तले. एवढ्या मानमरातबाच्या माणसाची इच्छा काय, तर आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे!

हे वाचले की मला आमच्या गाईडांची आठवण होते. रसग्रहण पाठ करून गुण मिळतात, पण कविता भेटत नाही. रोग्याजवळ गेल्यावाचून वैद्य होता येत नाही. मग मूळ कृतीजवळ गेल्यावाचून साहित्याचा अभ्यासक तरी कसे होता येईल?