जोडाक्षरांची भीती

गोव्यातील डिचोली तालुक्यात मुळगाव आहे. तेथे आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती घरी नाताळापूर्वी दोन दिवस आमचा मुक्काम होता. घरातील भगिनी शब्बाथ शाळेत शिकवतात. मुलांना शास्त्रातील गोष्ट सांगावी तर त्यांनीच. एका संध्याकाळी आम्ही सहज सुचवले, की ताई, यातली एखादी गोष्ट मासिकासाठी लिहून द्या. त्या हसल्या. आपले बोलणे कोंकणी वळणाचे, ऱ्हस्वदीर्घ आपल्याला कळत नाही, छापून आले म्हणजे मंडळीतली शिकलेली माणसे नावे ठेवतील, असे म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

याच गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, आणि ते तर इंग्लंडातून आलेले, मराठी काही त्यांची मातृभाषा नव्हे, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. पण ते मोठे पंडित होते, असे उत्तर आले. उत्तर बरोबर होते. तेव्हा वाचकहो, आज पंडित नसलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो. नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्या लिहित्या कशा झाल्या हे थोड्यांच्याच ध्यानात असते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे पराकोटीचे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, आणि कोणाचा स्पर्श झाला तर घर डोक्यावर घ्यायचे. अशा घरात मुलीला पहिला धडा मिळतो तो भीतीचा. पाटीपेन्सिलीचा प्रश्नच नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी, विद्वान आणि कमालीचे लहरी. त्यांनी पत्नीला अक्षरे शिकवायला घेतली, पण धडा नियमाने चालवावा हा त्यांचा स्वभाव नव्हता. लक्ष्मीबाईंना वाचता येऊ लागले, मोडकेतोडके लिहिता येऊ लागले. जोडाक्षरे मात्र त्यांना जन्मभर छळत राहिली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहानगा दत्तू होता आणि नवरा असून नसल्यासारखा. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या टिळकांजवळ येऊन राहिल्या त्याही आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. हे सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. जात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी आपल्याशीच विचार केला आणि निश्चय केला, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच दुष्काळाच्या दिवसांत राहुरीला त्यांच्या घरात पोरक्या मुलांचा मेळा जमला होता. वडिलांच्या घरी स्पर्शाला भिणारी मुलगी त्या मुलांना न्हाऊमाखू घालीत होती. आम्हांला वाटते, लेखणी पुढे उशिरा हाती आली, पण भीतीशी त्यांचे खरे युद्ध येथेच झाले.

टिळक १९१९ साली वारले. येशूचे चरित्र पद्यात सांगण्यासाठी त्यांनी आरंभलेले ख्रिस्तायन अपुरेच राहिले होते. सुरुवातीचे थोडे अध्याय तेवढे झालेले. ते पुरे करायचे कोणी? महाराष्ट्रात कवींना तोटा नव्हता. पण लक्ष्मीबाई बसल्या आणि त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. ज्यांना जोडाक्षर लिहिताना अडखळायला होई, त्यांनी टिळकांसारख्या कवीच्या ओळीखाली आपली ओळ घातली. लोक तुलना करणार हे त्यांना कळत नसेल असे थोडेच आहे!

तरी आज त्यांचे नाव घरोघर आहे ते ख्रिस्तायनामुळे नाही, स्मृतिचित्रांमुळे. आणि त्यातली गंमत अशी, की ते लिखाण पुस्तक म्हणून सुरूच झाले नव्हते. देवदत्तांना, म्हणजे त्याच दत्तूला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आईने आठवतील त्या हकीकती लिहून द्याव्यात, एवढेच मागणे होते. लक्ष्मीबाई जसे बोलत तसे लिहीत गेल्या. संजीवनी साप्ताहिकातून ते प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३४ साली पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला. शास्त्री-पंडितांपासून घरच्या बायाबापड्यांपर्यंत सगळे ते वाचू लागले.

यात शुद्धलेखनाची भीती ही लहान भीती. आम्हां ख्रिस्ती लिहिणाऱ्यांना त्याहून मोठी एक भीती असते, ती मंडळीची. खरे लिहिले तर साक्षीला बाधा येईल, वडीलधाऱ्यांचा मान जाईल, असे वाटते. मग आम्ही सर्वांना पांढरी वस्त्रे घालून मोकळे होतो. आम्ही स्वतः एका पाळकसाहेबांचे चरित्र असेच लिहिले होते. त्यांचा भडक राग सगळ्या गावाला ठाऊक होता आणि आमच्या लेखात त्याची एक ठिणगीही नव्हती. वाचून त्यांच्याच मुलीने हे कोण गृहस्थ म्हणून विचारले.

लक्ष्मीबाईंनी असे केले नाही. टिळक हे ख्रिस्ती समाजाचे लाडके कवी आणि पूज्य पुरुष. पण त्यांचा संताप, घर सोडून निघून जाणे, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणे, सगळे त्यांनी लिहिले, आणि ते असे की टिळकांवरचे प्रेम कमी होत नाही. स्वतःलाही त्यांनी सोडले नाही. आपला अडाणीपणा, हट्ट, रुसवे, फजित्या त्या हसत हसत सांगतात. हिंदू सासर-माहेरच्या माणसांविषयी लिहिताना कोठेही उणा शब्द मुद्दाम घातलेला नाही. ज्यांच्या सोवळ्याने बालपण करपले, त्या वडिलांविषयीही माया सुटत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. स्मृतिचित्रांचा शेवटचा भाग त्यांच्यामागून बाहेर आला. १९५० साली पहिल्या तीन भागांचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि २०१७ साली शांता गोखल्यांनी नवे केले. टीकाकारांनी त्या भाषेची थोरवी सांगितली, ती भाषा नाशिककडच्या स्वयंपाकघरातली आहे.

मुळगावहून निघताना आमच्याजवळची प्रत आम्ही ताईंकडे ठेवली. ती अजून परत आलेली नाही. परवा मात्र त्यांचा निरोप आला, की वहीत दोन पाने झाली आहेत, चुका खूप आहेत, आणि सासूबाईंबद्दलचे ते वाक्य ठेवावे की खोडावे, हे त्यांना ठरवता येत नाही.